जुना स्पीकर माइक म्हणून वापरून घरातल्या घरात बोलायचा इंटरकॉम करता येईल का?

हो, येईल. तुम्ही लिहिलंय की टेपरेकॉर्डर आणि टीव्हीतून निघालेले दोन ८ ओहमचे स्पीकर घरात पडून आहेत, आठवीतल्या मुलीला घेऊन सुट्टीत काहीतरी जोडायचंय, आणि दुकानदाराने ‘स्पीकरचा कुठे माइक होतो का, माइक वेगळा घ्या’ म्हणून परत पाठवलं. स्पीकरचा माइक होतो. पण दुकानदाराकडे आधी कोणीतरी असं करून फसलेला माणूस आला असणार, कारण बहुतेक जण एकाच जागी फसतात. मीही फसलो होतो. ती जागा कुठली, ते सांगतो.

त्याआधी काहीही विकत न घेता एक प्रयोग करा. दोन्ही स्पीकर एकमेकांना नुसत्या दोन वायरींनी जोडा. मध्ये सेल नाही, सर्किट नाही. वायर दुसऱ्या खोलीत न्या, दार लावा. मुलीने एका स्पीकरच्या कोनाजवळ (म्हणजे कागदी शंकूजवळ) तोंड नेऊन मोठ्याने बोलायचं, तुम्ही दुसरा स्पीकर कानाला घट्ट लावायचा. आवाज येतो. अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पण शब्द कळतात. बोलणाऱ्याच्या आवाजाने कोन हलतो, कोनाला चिकटलेली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, चुंबकाच्या फटीत पुढे-मागे होते आणि तिच्यात वीज तयार होते. ती वीज पलीकडच्या कॉइलमध्ये गेली की तिकडचा कोन हलतो. ग्रॅहॅम बेल यांचे १८७७ च्या सुमाराचे टेलिफोन याच तत्त्वावर चालत: बोलताना तोंडाशी धरायचं आणि ऐकताना कानाला लावायचं यंत्र एकच, आणि बॅटरी नाही. जहाजांवर वीज गेली तरी चालावेत म्हणून असे विनाबॅटरी टेलिफोन पुढेही वापरले गेले. मुलीला हा प्रयोग आधी करू द्या. पुढच्या सर्किटमधला प्रत्येक भाग ‘हा बारीक आवाज मोठा कसा करायचा’ यासाठी आहे, हे तिला आपोआप कळेल.

स्टुडिओवालेही हे करतात. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत (आता अ‍ॅबी रोड) बीटल्सच्या बास गिटारचा आवाज धरायला अँप्लिफायरसमोर माइकऐवजी मोठा स्पीकर ठेवला होता. पुढे यामाहाच्या एनएस-१० या स्टुडिओतल्या स्पीकरचा पांढरा वूफर (जाड आवाजाचा मोठा कोन) ड्रमसमोर उलटा माइक म्हणून लावायची पद्धतच पडली, इतकी की यामाहाने ‘सबकिक’ नावाचं तयार यंत्र काढलं. दुकानदाराला सांगायला उपयोगी पडेल.

आता फसायची जागा.

मी अकरावीत असताना आमच्या पुण्यातल्या घरात माडीवर आजोबा आणि खाली स्वयंपाकघर, अशी व्यवस्था होती. गुडघ्यांमुळे आजोबा जिना टाळायचे आणि आजीला ‘अहो, चहा झाला’ म्हणून जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडावं लागायचं. मी तपकीर गल्लीत जाऊन एलएम ३८६ हा आठ पायांचा अँप्लिफायर आयसी आणला. कागदावर सगळं ठीक होतं. पाय १ आणि ८ मोकळे ठेवले तर तो सिग्नल २० पट करतो, त्या दोघांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला तर २०० पट. मी २०० पट केलं, माडीवरचा स्पीकर इनपुटला जोडला. खाली सूंऽऽ असा पावसासारखा आवाज आणि त्यात कुठेतरी आजोबा.

हिशेब केला असता तर आधीच कळलं असतं. अगदी जवळून बोललं तरी ८ ओहमचा स्पीकर मिलिव्होल्टच्या आसपास देतो, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. १ मिलिव्होल्टचे २०० पट म्हणजे ०.२ व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याची पॉवर होते ५ मिलिवॉट. खोलीभर नीट ऐकू यायला हे तोकडं, आणि सोबत आयसीची स्वतःची खरखरही मोठी झालेली. म्हणजे शेवटच्या अँप्लिफायरला पिळून उपयोग नसतो. सुधारणा पहिल्या पायरीवरच करावी लागते.

स्पीकरचं कसं आहे, त्याच्याकडे व्होल्टेज नाही, पण त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स फार कमी असल्यामुळे करंट द्यायची तयारी आहे. एलएम ३८६ च्या इनपुटला ५० किलोओहमचा रेझिस्टन्स आहे, तो करंट मागतच नाही. स्पीकरकडे जे आहे ते घ्यायला इथे कोणी नाही, आणि जे मागितलं जातंय ते स्पीकरकडे नाही.

हे जुळवून द्यायला एक ट्रान्झिस्टर पुरतो, बीसी ५४७, पण तो नेहमीपेक्षा वेगळा जोडायचा. ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात आणि आपल्याला सवय असते बेसवर सिग्नल द्यायची. इथे सिग्नल एमिटरवर द्यायचा आणि बेस कंडेन्सरने ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला, बांधून ठेवायचा. याला कॉमन बेस म्हणतात. पुस्तकात हा प्रकार एका पानात संपवतात आणि परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. ट्रान्झिस्टरमधून १ मिलिअँपियरच्या जरा आत करंट ठेवला तर एमिटरकडून आत बघताना सुमारे २८ ओहम दिसतात. त्यात स्पीकरचे ८ मिळवा, ३६ झाले. १ मिलिव्होल्ट भागिले ३६ ओहम म्हणजे जवळपास २८ मायक्रोअँपियर. हाच करंट कलेक्टरमधून वर जातो, आणि तिथे त्याच्या वाटेत ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स आणि त्याला समांतर १० किलोओहमचा व्हॉल्यूम (आवाज कमी-जास्त करायचा नॉब), मिळून ३.२ किलोओहम आहेत. गुणाकार केला की ९० मिलिव्होल्टच्या आसपास येतं. नव्वद पट, एका ट्रान्झिस्टरमध्ये, आणि खरखर जवळपास नाही. आता एलएम ३८६ ला २० पटीवरच राहू द्या, तेवढं पुरून उरतं. व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवावा लागेल.

जोडणी सांगतो, मुलीकडून कागदावर काढून घ्या.

स्पीकरची एक वायर ग्राउंडला, दुसरी थेट एमिटरला. मध्ये कंडेन्सर नको, कारण ट्रान्झिस्टरचा स्वतःचा करंट स्पीकरमधूनच ग्राउंडला जातो आणि तो इतका कमी आहे की कोनाला पत्ताही लागत नाही. कलेक्टर ते बेस १ मेगओहम. बेस ते ग्राउंड १ मायक्रोफॅरड. कलेक्टरपासून वर ४.७ किलोओहम, त्याच्या वरच्या टोकाला १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि तिथून १ किलोओहममधून ९ व्होल्टच्या प्लसला. हा १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड ‘फालतू’ समजून कोणी गाळतं. गाळू नका. मोठा आवाज आला की बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, ते पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचतं, तिथे नव्वद पट होऊन परत आउटपुटला येतं, आणि सेट मोटारबोटीसारखा फट-फट-फट करत बसतो.

कलेक्टरमधून सिग्नल बाहेर काढायला ०.०४७ मायक्रोफॅरड, ज्याच्यावर ४७३ छापलेलं असतं. पलीकडे १० किलोओहमचा व्हॉल्यूम. इथे मोठा कंडेन्सर टाकायचा मोह होईल, टाकू नका. या किमतीला २३० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो आणि आपल्याला तेच हवंय. स्पीकरचा कोन माइकच्या पडद्यापेक्षा कितीतरी जड असतो. बारीक, तीक्ष्ण आवाजाला तो झटकन हलत नाही, जाड आवाज मात्र भरपूर धरतो. ड्रमवाले त्याच्यावर खूश असतात ते याचमुळे, आणि बोलणं डब्यात बोलल्यासारखं येतं तेही याचमुळे. खालचा भाग कापला की शब्द उघडतात. शिवाय ५० हर्ट्झची विजेची घूं घूं साधारण पाचपट कमी होते.

व्हॉल्यूमच्या मधल्या पायातून एलएम ३८६ च्या पाय ३ ला. पाय २ आणि ४ ग्राउंड. पाय ६ ला ९ व्होल्ट, आणि त्याच्या अगदी शेजारी ४७० मायक्रोफॅरड ग्राउंडला. पाय ७ पासून १० मायक्रोफॅरड ग्राउंडला. पाय ५ हे आउटपुट: २२० मायक्रोफॅरडची प्लस बाजू त्याला, मायनस बाजू स्पीकरला. त्याच पाय ५ पासून १० ओहम आणि आणखी एक ४७३ एकामागोमाग एक लावून ग्राउंडला. १ आणि ८ मोकळे.

बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बॅटरीसाठी सहा पेन्सिल सेलचा डबा घ्या. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी नको, तिच्यात जीव कमी असतो. एलएम ३८६ कोणी बोलत नसतानाही सुमारे ४ मिलिअँपियर पितो आणि चौकोनी साधी बॅटरी स्विच बंद करायला विसरलात तर थोड्याच दिवसांत झोपते. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो आणि आयसी ४ व्होल्टपासून चालतो, पण चार्जरची चिरचिर आवाजात उतरते.

आता बोलायचं-ऐकायचं बटण. सहा पायांचं डीपीडीटी (दोन वायरी एकदम इकडून तिकडे बदलणारं), दाबलं की लागणारं आणि सोडलं की परत येणारं, लॉक होणारं नको. मधल्या दोन पायांवर एकेक स्पीकर, म्हणजे त्यांच्या प्लस वायरी. कोपऱ्यातले चार पाय तिरके जोडायचे, गुणाकाराच्या चिन्हासारखे: वरचा डावा आणि खालचा उजवा मिळून इनपुट, वरचा उजवा आणि खालचा डावा मिळून आउटपुट. सोडलेल्या अवस्थेत खालचा स्पीकर आवाज देतो आणि माडीवरचा ऐकतो. दाबलं की अदलाबदल. अदलाबदलीच्या क्षणी ‘टक्’ असा आवाज येणारच, तो दोष समजू नका.

एक सावधगिरी. ऑनलाइन पीएएम ८४०३ चा छोटा लाल-निळा अँप्लिफायर बोर्ड स्वस्तात मिळतो, ५ व्होल्टवर चालतो आणि कोणीतरी तुम्हाला एलएम ३८६ ऐवजी तोच सुचवेल. बोर्ड वाईट नाही, पण त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, त्यातली एकही ग्राउंड नसते. आपल्या बटणात दोन्ही स्पीकरच्या मायनस एकत्र ग्राउंडला आहेत. तो बोर्ड इथे जोडलात की त्याचं अर्धं आउटपुट ग्राउंडला शॉर्ट होईल.

बाकी माझ्या चुका, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

बेसच्या कंडेन्सरला माझ्या डब्यात ४७ मायक्रोफॅरडचा होता, तो लावला. ‘मोठा तर चांगलाच’ असं वाटलं. स्विच लावला की तीन-चार सेकंद पूर्ण शांतता, मग अचानक आवाज. दोन दिवस ट्रान्झिस्टर बदलत होतो. नंतर लक्षात आलं की १ मेगओहममधून जेमतेम ८ मायक्रोअँपियर येतात आणि तेवढ्यावर तो थोरला कंडेन्सर ०.६५ व्होल्टपर्यंत भरायला तितका वेळ लागणारच. १ मायक्रोफॅरडला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही.

शिट्टी. टेबलावर दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून सर्किट सुरू केलं की सभेतल्या माइकसारखी किंकाळी येते. तेव्हा सर्किट बरोबर असतं, स्पीकर दूर न्या. दुसऱ्या खोलीत नेऊन, दार लावूनही शिट्टी येत असेल तर मात्र ग्राउंड बघा. आउटपुटचा मोठा करंट आणि इनपुटचा नाजूक सिग्नल ग्राउंडच्या एकाच बारीक तारेतून गेले तर ही भानगड होते. बॅटरीची मायनस, पाय ४, बेसचा कंडेन्सर आणि दोन्ही स्पीकरच्या मायनस अशा सगळ्या तारा एका जाड टाक्यावर आणा. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता नुसत्या खोचून जोडायच्या पट्टीवर) हे जमवणं कठीण जातं, पहिल्या आवाजानंतर सरळ जनरल पर्पज बोर्डवर सोल्डर करा.

वायर. मी बेल वायरच्या दोन तारा सुतारी हँडड्रिलमध्ये अडकवून पिळल्या होत्या, आजोबांनी दुसरं टोक धरलं होतं. पीळ नसेल तर शेजारून जाणाऱ्या लाइटच्या वायरची घूं घूं आत येते. आता इतकं करायला नको, लॅन केबलच्या जोड्या पिळलेल्याच येतात, त्यातली एक जोडी वापरा. अंतराची फार काळजी नको. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर नेली तर जाऊन-येऊन ४० मीटरचे जेमतेम १.४ ओहम होतात.

आणि रेडिओ. एका रात्री सेटमधून पुणे केंद्राच्या बातम्या बारीक आवाजात ऐकू यायला लागल्या. आजीला वाटलं मुद्दाम केलंय आणि तिने कौतुक केलं. लांब वायर एरियलचं काम करते, ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर जोड डायोडचं, आणि ७९२ किलोहर्ट्झवरचा मीडियम वेव्ह आपोआप उलगडतो. ट्रान्झिस्टरच्या पायांना अगदी लागून बेस आणि एमिटरमध्ये १ नॅनोफॅरडचा, म्हणजे १०२ छापलेला सिरॅमिक कंडेन्सर लावा, बातम्या बंद होतील.

एक गोष्ट तांत्रिक नाही, पण सांगायला हवी. बटण सोडलेलं असताना खालचा सेट वरच्या खोलीतलं सगळं ऐकतो, तिथल्या माणसाला काही कळत नाही. आजोबा दुधी भोपळ्याबद्दल जे स्वतःशी बोलले ते आजीने ओट्यापाशी उभं राहून शब्दशः ऐकलं. त्यानंतर आठवडाभर दुधी भोपळाच होता. मग मी वर एक घंटीचं बटण दिलं आणि खाली बझर. बझर वाजला की सेट सुरू करायचा, बोलून झालं की बंद. लॅन केबलची दुसरी जोडी याच कामी लावा, वेगळ्या दोन सेलवर. बॅटरीही वाचते.

तुमच्या स्पीकरांबद्दल. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की ‘खट्’ आवाज यायला हवा. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साडेसहा-सात ओहमच दाखवतो, ते बरोबर आहे. अडीच-तीन इंची कागदी कोनाचे सगळ्यात उत्तम. टीव्हीचा लांबट अंडाकृती चालेल, आवाज थोडा घुमेल. आठ इंची असेल तर बोलण्यासाठी सोडून द्या. कोन फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ फेविकॉल पुरे. आणि टीव्ही जुना काचेच्या ट्यूबचा असून स्पीकर अजून आतच असेल तर स्वतः उघडू नका, मुलीसमोर तर नाहीच. बंद करून ठेवलेल्या पिक्चर ट्यूबवरही हजारो व्होल्ट तग धरून असतात. दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.

भंगारात जुना पॉकेट ट्रान्झिस्टर मिळाला तर त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जपून ठेवा. १ किलोओहम ते ८ ओहमचा असेल तर उलटा लावल्यावर तो स्पीकरचं व्होल्टेज साधारण अकरा पट करून देतो, सेलशिवाय. मग बीसी ५४७ ची पायरी गाळून एलएम ३८६ ला २०० पटीवर चालवता येतं. मला वैयक्तिक हा प्रकार जास्त आवडतो, आवाज मऊ येतो. पण तो ट्रान्सफॉर्मर दुकानात मागितलात तर आता लोक तोंडाकडे बघतात, म्हणून तुम्हाला ट्रान्झिस्टरचा मार्ग सांगितला.

जोडून झालं की बोलायच्या आधी दोन ठिकाणी मल्टिमीटर लावा. कलेक्टरवर ३ ते ५ व्होल्ट आणि पाय ५ वर बॅटरीच्या निम्मे, साडेचारच्या आसपास. कलेक्टरवर जवळपास पूर्ण ९ आले तर एमिटरची वाट कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा ती स्पीकरच्या टॅगपाशी किंवा बटणात तुटलेली असते. अडकलात तर हे दोन आकडे इथे लिहा, नुसतं ‘चालत नाही’ यावरून मला काही सांगता येणार नाही.